हिशेबनीस चार्ल्स लँब

शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी सांगणारे एक इंग्रजी पुस्तक आपल्याकडील शाळांच्या ग्रंथालयांतून पिढ्यान् पिढ्या हाताळले गेले आहे. त्याची पाने मळलेली असतात, पुठ्ठा सुटलेला असतो, आणि हॅम्लेटच्या बापाचे भूत किंवा लिअर राजाच्या तीन मुली यांची पहिली भेट आपल्यापैकी पुष्कळांना त्याच पानांवर झालेली असते. लेखक म्हणून त्यावर चार्ल्स लँब हे नाव दिसते. इंग्रजी निबंधवाङ्मयात या नावाची थोरवी केवढी आहे, हे महाविद्यालयात गेल्यावर कळते. परंतु हा मनुष्य पोटासाठी काय करीत होता, असे सहसा कोणी विचारीत नाही.

तो हिशेब लिहीत होता. लंडन शहरातील लेडनहॉल रस्त्यावर ईस्ट इंडिया कंपनीची मुख्य कचेरी होती. तिच्या हिशेब खात्यात तो १७९२ साली उमेदवार म्हणून शिरला आणि १८२५ साली बाहेर पडला. मध्यंतरीची तेहेतीस वर्षे त्याने एका उंच मेजापाशी, जाड पुठ्ठ्यांच्या खतावण्यांवर वाकून घालविली. याच तेहेतीस वर्षांत इकडे नाना फडणीस वारले, असईची लढाई झाली आणि १८१८ साली पेशवाई संपली. पुण्याचे दप्तर बंद पडत होते आणि तिकडे लेडनहॉल रस्त्यावरचे दप्तर फुगत होते. त्या फुगणाऱ्या दप्तराचा एक कारकून म्हणजे आपला हा लँब. राज्यकारभाराशी त्याचा संबंध नव्हता. हिंदुस्थानाला जाणारे खलिते लिहिण्याचे काम त्याच इमारतीतील दुसऱ्या खात्यात चाले; जेम्स मिल आणि त्याचा पुत्र जॉन स्टुअर्ट मिल हे पुढे त्या खात्यात आले. लँबच्या वाट्याला आली ती चहाची, निळीची, औषधी द्रव्यांची आणि कापडाची बेरीज.

त्याचा जन्म १० फेब्रुवारी १७७५ रोजी लंडनमध्ये, जेथे वकिलांच्या जुन्या वसाहती आहेत त्या टेंपल नावाच्या भागात झाला. बाप जॉन लँब हा सॅम्युअल सॉल्ट नावाच्या एका बड्या वकिलाचा कारकून आणि घरगडी असे दोन्ही होता. कुटुंब गरीब, पण धन्याच्या घरी पुस्तकांची कपाटे भरलेली. त्या कपाटांपुढे बसून चार्ल्स आणि त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी असलेली बहीण मेरी ही दोघे हाताला लागेल ते वाचीत. सातव्या वर्षी क्राइस्ट्स हॉस्पिटल या धर्मादाय शाळेत त्याला प्रवेश मिळाला. तेथे पुढे महाकवी झालेला कोलरिज त्याचा मित्र झाला, आणि ती मैत्री मरेपर्यंत टिकली. अभ्यासात चार्ल्स चांगला होता. पण तो बोलताना अडखळत असे. त्या शाळेतील अगदी वरच्या वर्गातील मुले विद्यापीठात जात आणि बहुधा धर्मोपदेशक होत. ज्याची जीभ अडते त्याने प्रवचन कसे करावे? जिभेच्या या एका दोषापायी विद्यापीठाचे दार बंद झाले. चौदाव्या वर्षी तो शाळेतून बाहेर पडला. पुढे आयुष्यात सुटी मिळाली की हा गृहस्थ विद्यापीठाच्या गावी जाऊन, आपण तेथलेच एक विद्वान आहोत अशा थाटात बागांतून आणि ग्रंथालयांतून हिंडत असे. त्यावर त्याने एक निबंधही लिहिला आहे. तो वाचताना हसू येते आणि मग जरा वेळाने वाईट वाटते.

थोडे दिवस एका व्यापाऱ्याच्या पेढीवर आणि काही महिने साउथ सी हाउस नावाच्या कचेरीत काढून, ५ एप्रिल १७९२ रोजी त्याने कंपनीच्या कचेरीत पाऊल टाकले. वय सतरा वर्षांचे. पाचशे पौंडांची जामीनकी द्यावी लागली. पहिली तीन वर्षे पगार नाही, बक्षिसादाखल मिळेल ते थोडके. मग चाळीस पौंड सालिना. आपल्याकडे हिशेबाच्या धंद्यात शिरणाऱ्या तरुणांना आजही उमेदवारीची काही वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढावी लागतात. तेव्हा ही रीत नवी नाही.

कामाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय या माणसाचे दुःख समजणार नाही. कंपनीची जहाजे चीन व हिंदुस्थानातून माल आणीत. तो वखारींत उतरे आणि मग कंपनीच्या इमारतीतच त्याचे मोठमोठे लिलाव होत. गठ्ठ्यागणिक, पेटीगणिक भाव ठरे. वजन, दर, त्यांचा गुणाकार, आलेली रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव हे सारे खतवावे लागे. यंत्र कसलेही नाही. हातात पिसाची लेखणी आणि डोक्यात पाढे. इंग्रजी नाणे म्हणजे बारा पेनीचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. त्यामुळे प्रत्येक बेरजेत पहिला हातचा बाराने आणि दुसरा विसाने धरायचा. ज्यांच्या आजोबांनी रुपये, आणे आणि पै यांची त्रैराशिके पाटीवर सोडविली आहेत त्यांना हा ताप सांगावा लागणार नाही. असे एक पान नव्हे, दिवसाला कित्येक पाने. आणि एका पेनीची चूक राहिली तरी ताळा जमत नाही. मोठेपणी आपला परिचय स्वतःच लिहिताना लँबने थट्टेने नमूद केले की आपले खरे ग्रंथ लेडनहॉल रस्त्यावरच्या फळ्यांवर आहेत आणि त्यांचे खंड शंभराच्या घरात भरतील. थट्टा खरी, पण संख्येत अतिशयोक्ती फारशी नसावी.

नोकरीला चार वर्षे झाली असतील नसतील, तोच त्याच्या घरावर वज्राघात झाला. सॉल्ट वारल्यावर कुटुंबाला टेंपलमधील जागा सोडावी लागली होती. बाप भ्रमिष्ट झाला होता, आई अंथरुणाला खिळली होती. मेरी दिवसभर शिवणकाम करून चार पैसे मिळवी आणि रात्री आईची शुश्रूषा करी. तिच्या मनावर ताण किती आला होता हे कोणाच्या ध्यानात आले नाही. २२ सप्टेंबर १७९६ रोजी जेवणाच्या वेळी तिला वेडाचा झटका आला आणि तिच्या हातातील सुरीने आईचा प्राण गेला. बापही जखमी झाला. चार्ल्सने तिच्या हातातून सुरी काढून घेतली.

पंचांनी ती वेडाच्या भरात झालेली गोष्ट ठरविली, म्हणून मेरीला शिक्षा झाली नाही. परंतु तिचे पुढे काय करायचे? थोरला भाऊ जॉन साउथ सी हाउसमध्ये चांगल्या जागेवर होता. तिला कायमची वेड्यांच्या इस्पितळात ठेवावी, असे त्याचे मत पडले. ते अगदीच निर्दयपणाचे होते असे मी म्हणणार नाही; त्या काळी बहुतेक घरांनी तेच केले असते. चार्ल्स एकवीस वर्षांचा होता. तो स्वतः त्याच वर्षाच्या आरंभी सहा आठवडे मनोविकाराने इस्पितळात राहून आलेला. त्याने सांगितले की ती बरी झाल्यावर तिचा जन्मभराचा भार मी घेतो. हे सांगण्याचे धैर्य त्याला कशाच्या बळावर झाले? अंतःकरणाचे बळ तर होतेच. पण इस्पितळाचा खर्च अंतःकरणाने भागत नाही. दर तिमाहीस कंपनीकडून मिळणारी ठरीव रक्कम त्याच्या शब्दामागे उभी होती. ती नसती तर त्याच्या शब्दाला कोणी विचारले नसते.

आरंभी मेरीला वेगळ्या जागी ठेवून, १७९९ साली बापाच्या मृत्यूनंतर त्याने तिला आपल्या घरी आणले. त्यानंतरची पस्तीस वर्षे भाऊबहीण एकत्र राहिली. मेरी एरवी अतिशय शहाणी, शांत आणि प्रेमळ बाई होती. मित्रमंडळींत तिच्या विचारीपणाचा लौकिक होता. परंतु वर्षा-दीड वर्षाने तो विकार उलटे. त्याची चाहूल दोघांनाही आधी लागे. मग ती दोघे एकमेकांचा हात धरून, रडत रडत, पायी इस्पितळाकडे जात. एका स्नेह्याने त्यांना शेत ओलांडून असे जाताना पाहिले होते. प्रवासाला निघताना हात बांधून ठेवणारा तो जाड कापडाचा अंगरखा मेरी स्वतःच्या हाताने सामानात भरून घेई. १८२२ साली फ्रान्स पाहण्याच्या हौसेने निघाली, तर पॅरिसला पोहोचण्यापूर्वीच वाटेत तिला झटका आला. लंडनमध्येही घरमालकांच्या कानावर कुजबूज गेली की बिऱ्हाड हलवावे लागे. चार्ल्सने लग्न केले नाही. एकदा, चव्वेचाळिसाव्या वर्षी, एका नामांकित नटीला त्याने पत्राने मागणी घातली. तिने सौजन्याने नकार दिला आणि मैत्री कायम ठेवली.

अशा घरातून हा मनुष्य रोज सकाळी कचेरीस जाई. तेथे तो विनोदी म्हणून प्रसिद्ध होता. तुम्ही उशिरा येता, असे वरिष्ठाने सुनावल्यावर, पण मी लवकर जातो ना, असे उत्तर त्याने दिल्याची कथा सांगतात. ती खरी असो वा रचलेली असो, कचेरीतील वेळ व कंपनीचा कागद वापरून त्याने मित्रांना लिहिलेली पत्रे मात्र खरी आहेत, आणि इंग्रजी भाषेतील उत्कृष्ट पत्रांत त्यांची गणना होते. व्याजाच्या कोष्टकांचे एक पुस्तक त्याच्या मेजावर असे. इंग्रजीत व्याज आणि गोडी या दोन्हींना एकच शब्द आहे. त्या पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर त्याने खोटी परीक्षणे लिहून ठेवली. त्यांपैकी एकात, इतर पुस्तकांप्रमाणे याची गोडी ओसरत नाही, शेवटापर्यंत वाढतच जाते, अशा अर्थाची कोटी आहे. हिशेबनिसालाच सुचावी अशी ही कोटी!

लेखन होई ते रात्री आणि सुटीत. शेक्सपिअरच्या कथांचे पुस्तक १८०७ साली निघाले, ते दोघांनी एकाच मेजापाशी बसून लिहिलेले होते. वीस नाटकांपैकी सहा शोकांतिका चार्ल्सने घेतल्या. बाकीच्या चौदा कथा मेरीच्या आहेत. पहिल्या आवृत्तीवर नाव मात्र एकट्या चार्ल्सचे छापले गेले. पुढच्या वेळी ते पुस्तक हातात घ्याल तेव्हा त्यातील अधिक पाने मेरीची आहेत हे ध्यानात असू द्या. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १८०६ मध्ये, चार्ल्सचे एक प्रहसन ड्रुरी लेन नाट्यगृहात रंगभूमीवर आले आणि पहिल्याच रात्री आपटले. प्रेक्षक शिट्या घालू लागले, तेव्हा तोही प्रेक्षकांत बसून त्यांच्याबरोबर शिट्या घालू लागला.

त्याची खरी कीर्ती झाली ती पंचेचाळिसाव्या वर्षी. लंडन मॅगझिन या मासिकात ऑगस्ट १८२० पासून त्याचे निबंध येऊ लागले. त्यांवर सही असे एलिया या नावाची, आणि हे नावदेखील त्याने एका जुन्या परदेशी कारकुनाचे उसने घेतले होते. पहिल्या निबंधाचा विषय कोणता? साउथ सी हाउस ही कचेरी आणि तेथील म्हातारे हिशेबनीस! त्या कंपनीचा फुगा १७२० सालीच फुटला होता. नंतर उरला तो नावापुरता व्यवहार. पण कारकून, खतावण्या, ताळेबंद सारे यथास्थित चालू होते. तेथे टिप या नावाचा एक मुख्य हिशेबनीस लँबने रंगविला आहे. जगात हिशेबनिसाएवढा थोर पुरुष नाही आणि हिशेबनिसांत आपल्यासारखा दुसरा नाही, अशी त्याची पक्की समजूत. वर्षअखेरची बाकी काढायची म्हणजे महिनाभर आधीपासून त्याच्या डोळ्याला डोळा लागत नसे. वास्तविक गेल्या सालच्या बाकीत आणि यंदाच्या बाकीत अंतर पडायचे ते पाचपंचवीस पौंडांचे. वाचताना आपण हसतो. पण लँब त्याला हसतो आहे असे मला कधी वाटले नाही. त्या म्हाताऱ्याला निदान आपल्या आकड्यांवर श्रद्धा होती. लँबला तीही नव्हती.

कचेरीचा जाच वर्षागणिक वाढतच गेला. पूर्वी संतांच्या सणांच्या सुट्या असत, त्या एकामागून एक रद्द झाल्या. काम वाढले तेव्हा रात्रीचे जेवणही उशिरा होऊ लागले. पगार वाढत वाढत सालिना सातशे पौंडांवर गेला, आणि एवढ्या पगाराच्या माणसाला नोकरी सोडणे अधिकच अवघड होत गेले. झोपेतही आपण हिशेब चुकविला आहे, अशा भीतीने तो दचकून जागा होई. मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून मेजावरचा त्याचा त्रागा ओसंडून वाहतो.

आणि तरीही १८२३ च्या जानेवारीत त्याने जे एक पत्र लिहिले ते विचार करण्यासारखे आहे. बर्नार्ड बार्टन नावाचा एक सत्शील कवी सफक परगण्यातील वुडब्रिज या गावी बँकेत कारकून होता. तो नोकरीला कंटाळला आणि ती सोडून लेखनावर पोट भरावे असे त्याच्या मनाने घेतले. त्याने लँबचा सल्ला विचारला. मेजाला शिव्या मोजणारा हा माणूस त्याला प्रोत्साहन देईल, असे कोणालाही वाटले असते. लँबने कळवळून लिहिले की असे काही करू नका. पुस्तकविक्रेत्यांच्या मर्जीवर जगणाऱ्या लेखकांची दैना त्याने जवळून पाहिली होती. मेजाविरुद्ध आपण आजवर जी कुरकूर केली ती लटकी समजावी, असेही त्याने कळविले. आठवड्याचा पगार ज्याच्या घरी नेमाने येतो त्याला मोकळ्या मनाने लिहिता येते. बार्टनने ऐकले. तो मरेपर्यंत, म्हणजे १८४९ पर्यंत, त्याच बँकेत हिशेब लिहीत राहिला आणि कविताही लिहीत राहिला.

हे उत्तर बरोबर होते का? माझे मन यावर स्थिर होत नाही. बार्टन नोकरी सोडता तर थोर कवी झाला असता असे मानायला आधार नाही. पण लँब स्वतः? एलियाचे निबंध त्याला पंचविसाव्या वर्षी लिहिता आले असते का? की पंचवीस वर्षांचे ते लिलाव, त्या बेरजा, इस्पितळापर्यंतची ती पायपीट, यांतूनच ते निघाले? एवढे खरे की सल्ला देताना त्याच्या डोळ्यांपुढे बार्टनबरोबर मेरीही असली पाहिजे.

दोनच वर्षांनी त्याची प्रकृती इतकी खालावली की त्याने राजीनाम्याची विनंती केली. काही आठवडे उत्तर नाही. पदरी काही न देता घरी बसवतात की काय, या धास्तीत ते दिवस गेले. २९ मार्च १८२५ रोजी संचालकांनी त्याला बोलावून निवृत्तिवेतन मंजूर केल्याचे सांगितले: सालिना साडेचारशे पौंड. त्या वेळी त्याचा पगार सातशे तीस पौंड होता. त्याने अडखळत आभार मानले आणि तो घरी आला, तो कायमचा.

पहिले काही आठवडे त्याला स्वर्ग दोन बोटे उरला. वाराच्या नावाला काही अर्थ राहिला नाही. रविवारची हुरहूर नाही, सोमवारचे ओझे नाही. पुढे एके दिवशी तो जुन्या सोबत्यांना भेटायला कचेरीत गेला. त्याच्या मेजावर दुसराच बसला होता, खुंटीला दुसऱ्याची टोपी लटकत होती. सोबत्यांनी थट्टामस्करी केली, पण पूर्वीची मजा त्यात नव्हती. इतकी वर्षे ज्यांच्याबरोबर खांद्याला खांदा लावून खतावण्या ओढल्या, त्यांना मागे टाकून आपण निघून आलो, हे त्याच्या मनाला लागले. या अनुभवावर त्याने त्याच वर्षी लिहिलेला निबंध निवृत्त माणसांनी तर अवश्य वाचावा. आणि पुढच्या वर्षी त्याने काय केले पाहा! ब्रिटिश म्युझियममध्ये जुन्या नाटकांचा मोठा संग्रह होता. तो वाचण्यासाठी हा रोज जाऊ लागला. वेळ कोणती ठरविली, तर सकाळी दहा ते दुपारी चार. कचेरीचीच.

नंतर ही दोघे लंडन सोडून एन्फील्डला आणि १८३३ मध्ये एडमंटनला गेली. मेरीचे झटके आता लांबू लागले होते. जुलै १८३४ मध्ये कोलरिज वारला आणि त्या धक्क्यातून लँब सावरला नाही. डिसेंबरात रस्त्याने चालत असता तो ठेचाळून पडला. तोंडाला झालेली लहानशी जखम चिघळली आणि २७ डिसेंबर १८३४ रोजी त्याचे देहावसान झाले. लेडनहॉल रस्त्यावरची ती इमारतही १८६० नंतर लवकरच पाडण्यात आली. आज त्या जागी लॉइड्स या विमासंस्थेचे पोलादी घर उभे आहे.

निवृत्तिवेतनाच्या आकड्यासंबंधी एक गोष्ट सांगायची राहिली. मंजूर झाले होते साडेचारशे, पण लँबच्या हातात पडत ४४१. उरलेले नऊ पौंड दरसाल कापून घेतले जात, ते आपल्या पश्चात मेरीची तरतूद व्हावी म्हणून. मेरी त्याच्यामागे साडेबारा वर्षे जगली. २० मे १८४७ रोजी ती वारली आणि एडमंटनच्या देवळाच्या आवारात तिला भावाच्याच थडग्यात ठेवण्यात आले.